मधला क्षण : सारख्या त्वरणाच्या तीन समीकरणांची ओळख

मार्गळी लागली की तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी गल्लीत उजाडायच्या आत दारापुढची जमीन झाडून, पाणी शिंपून तयार असते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा हा महिना, आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या आसपासचा. घरातली बाई चिमटीत तांदळाचं पीठ घेऊन वाकते आणि आधी मधली ओळ टाकते: सात ठिपके. त्या ओळीच्या वर पाच, मग तीन, मग एक. खालच्या अंगालाही तसंच. मग पिठाची रेघ ठिपक्यांना वळसे घालत फिरते आणि थोड्या वेळात उंबऱ्यापुढे कोलम तयार होतं. आपली ठिपक्यांची रांगोळी याच कुळातली.

आता वरच्या टोकाकडून ठिपके मोजत या. पहिल्या ओळीअखेर एक, दुसरीअखेर चार, तिसरीअखेर नऊ, चौथीअखेर सोळा. ओळीत ठिपके आहेत एक, तीन, पाच, सात असे विषम. बेरीज मात्र दर वेळी पूर्ण वर्ग.

या गल्लीच्या टोकाला सारंगपाणी मंदिराचं अकरा मजली गोपुर आहे, उंची सुमारे ५३ मीटर. त्याच्या माथ्यावरून एक खडा सोडला अशी कल्पना करू. कल्पनाच करायची, खाली माणसं आहेत. पहिल्या सेकंदात खडा ४.९ मीटर खाली येईल. दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर, तिसऱ्यात २४.५ मीटर. चौथा सेकंद निम्मासुद्धा सरणार नाही, त्याआधीच तो जमिनीवर असेल. या तिन्ही आकड्यांना ४.९ ने भागा: एक, तीन, पाच.

पायाशी कोलम आणि माथ्यावरून पडणारा खडा, दोघांची मोजणी एकच. याच गल्लीतल्या एका कौलारू घराच्या ओट्यावर पाटी घेऊन श्रीनिवास रामानुजन गणितं करत बसायचे. ते घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. तेव्हा सरळ रेषेतल्या गतीवर मराठीत लिहिलेल्या या छोट्या पुस्तकाची सुरुवात कुठून करावी, याचा मला फार विचार करावा लागला नाही.

तीन ओळींसाठी एवढं कशाला?

सारख्या त्वरणाने सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूची तीन समीकरणं आपल्याकडे नववीत भेटतात. वर्गात ती मराठी माध्यमातली मुलंसुद्धा इंग्रजीच म्हणतात: व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी. लय चांगली आहे, पाठ लगेच होतं. पुढे गणित आलं की ठरलेला विधी: दिलेलं लिहा, काढायचं लिहा, तिन्हींपैकी कोणतं सूत्र बसतं ते बघा, किमती घाला, उत्तराखाली दोन रेघा मारा. मीही हेच केलं. पैकीच्या पैकी गुण मिळाले. दुसऱ्या समीकरणातला तो ‘एक छेद दोन’ कुठून आला, असं धाकट्या बहिणीने विचारलं तेव्हा मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतं. “तो असतोच,” एवढं म्हणून मी वेळ मारून नेली.

हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. आणि ते उत्तर एका वाक्यात मावतं: वाढ सारखी असली की मधला क्षण साऱ्या प्रवासाचा प्रतिनिधी असतो. तिन्ही समीकरणं या एका वाक्याचे तीन अवतार आहेत. बाकी सगळं हिशेबाचं काम.

कावेरीकाठची मराठी

कुंभकोणममधून मराठीत शास्त्र लिहिणं कुणाला विचित्र वाटेल, पण या मुलखाला ते नवं नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य तिथे टिकलं. त्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरात छापखाना घातला. नाव ठेवलं नवविद्याकलानिधी. ‘बालबोध मुक्तावलि’ हे इसापनीतीचं मराठी भाषांतर तिथे १८०६ मध्ये छापलं गेलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. सरफोजींच्याच नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक आहे. जगाचा भूगोल मराठी पदांतून गायचा, अशी त्याची करामत. नवी विद्या आपल्या भाषेत, आणि तीही लोकांना रुचेल अशा रूपात आणायची खटपट इथे दोनशे वर्षांपूर्वी झाली होती.

कुंभकोणमच्या मराठी घराण्यांतलं एक नाव महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे: सर टी. माधवराव. सयाजीराव गायकवाड अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार सावरणारे दिवाण, त्याआधी त्रावणकोर आणि इंदूरचेही दिवाण. त्यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. मद्रासच्या सरकारी हायस्कुलातून १८४६ मध्ये ते मानाने उत्तीर्ण झाले आणि राज्यकारभारात शिरण्यापूर्वी काही काळ त्यांनी तिथेच गणित आणि ‘नॅचरल फिलॉसॉफी’ शिकवलं. पदार्थविज्ञानाला त्या काळी हेच नाव होतं. कावेरीकाठचा एक मराठी तरुण पावणेदोनशे वर्षांपूर्वी मद्रासच्या पोरांपुढे उभा राहून हा विषय शिकवत होता. तंजावरी मराठी आजही या भागातल्या घरांत बोलली जाते. मराठी शास्त्रपुस्तकाची प्रस्तावना इथून लिहिताना परक्या अंगणात उभं असल्यासारखं म्हणूनच वाटत नाही.

पगार, वाढ आणि शिल्लक

आता मुद्द्यावर येऊ. त्वरण हा शब्द ऐकला की मुलांना ‘जोरात जाणं’ आठवतं. जोरात जाण्याशी त्याचा संबंध नाही. ताशी १०० किलोमीटरने एकसारखी धावणारी गाडी जोरात आहे, पण तिचं त्वरण शून्य. त्वरण म्हणजे वेगात दर सेकंदाला पडणारी भर. वेग हा पगार मानला तर त्वरण ही वार्षिक वाढ, आणि कापलेलं अंतर ही एकूण कमाई. पगार मोठा आणि वाढ शून्य असू शकते. पगार शून्य आणि वाढ भरपूर, असंही होऊ शकतं. गोपुरावरून नुकत्याच सुटलेल्या खड्याचं नेमकं तेच असतं. सुटण्याच्या क्षणी वेग शून्य, त्वरण मात्र पूर्ण ९.८ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद.

‘मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद’ या एककात सेकंद दोनदा का येतो, तेही यातून सुटतं. वेग मोजायला एक सेकंद लागतो, वेग किती वाढला ते मोजायला दुसरा. पगार दरमहा आणि वाढ दरसाल, तशातला प्रकार.

वाढ सारखी असेल तर पहिलं समीकरण बोलता बोलता लिहून होतं: अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ. शेवटचा पगार म्हणजे पहिला पगार अधिक इतक्या वर्षांच्या वाढी. यात सिद्ध करण्यासारखं काही नाही. ‘सारखी वाढ’ या शब्दांचाच तो अर्थ आहे.

खरी गंमत एकूण कमाईत. पगार दर क्षणी बदलत असताना बेरीज करायची कशी?

भास्कराचार्यांचा राजा

याचं उत्तर आपल्याकडे कधीचं आहे, फक्त ते गतीच्या धड्यात ठेवलेलं नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त श्रेढीचं, म्हणजे सारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांचं प्रकरण आहे. त्यातल्या एका उदाहरणात शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजनं चालतो. पुढे रोज ठरावीक वाढ करत सात दिवसांत तो ८० योजनं कापतो आणि शत्रूच्या नगराला पोचतो. रोजची वाढ किती?

सूत्र बाजूला ठेवून करून पाहा. सात दिवसांत ८०, म्हणजे दिवसाची सरासरी ८० सप्तमांश. वाढ सारखी आहे, तेव्हा ही सरासरी मधल्या, म्हणजे चौथ्या दिवसाचीच चाल असली पाहिजे. तिसरा दिवस जितका कमी तितका पाचवा जास्त. दुसरा आणि सहावा, पहिला आणि सातवा यांचीही अशीच फिटंफाट. पहिल्या दिवशी २, म्हणजे १४ सप्तमांश. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत तीन वाढी झाल्या आणि चाल ६६ सप्तमांशांनी वाढली. म्हणून एक वाढ २२ सप्तमांश योजनं. वर्तुळाच्या गणितात व्यवहारापुरता वापरतो तोच अपूर्णांक इथे अवचित दारात उभा राहतो.

भास्कराचार्यांचे शब्द बघण्यासारखे आहेत. पहिल्या पदाला ते मुख म्हणतात, रोजच्या वाढीला चय, पदांच्या संख्येला गच्छ, शेवटच्या पदाला अंत्यधन, मधल्याला मध्यधन आणि बेरजेला सर्वधन. मध्यधनाला गच्छाने गुणलं की सर्वधन मिळतं. ‘मुख’च्या जागी सुरुवातीचा वेग ठेवा, ‘चय’च्या जागी त्वरण, ‘गच्छ’च्या जागी काळ, आणि गतीचं दुसरं समीकरण हाती आलंच म्हणून समजा.

पण जपून. राजाची चाल एकेका दिवसाने उडी मारत वाढते. पडणाऱ्या खड्याचा वेग उडी न मारता सतत वाढतो. म्हणून भास्कराचार्यांनी गतीची समीकरणं लिहिली असा दावा मी करत नाही, आणि वाचकांनीही करू नये. दिवस तासांत चिरला, तास मिनिटांत, मिनिट क्षणांत, आणि पायऱ्या बारीक होत होत उतार गुळगुळीत झाला, तरी मध्याचं तत्त्व जागचं हलत नाही, एवढाच मुद्दा. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या वंशजांची आणि त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. आपल्याच खानदेशातली ही शाळा. गतीच्या धड्याच्या सुरुवातीला हा राजा आपल्या मुलांना भेटायला हरकत नव्हती.

‘एक छेद दोन’चा उलगडा

आता खडा. सुरुवातीचा वेग शून्य, शेवटचा वेग त्वरण × काळ. मधला वेग या दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे त्वरण × काळ याच्या निम्मा. अंतर = मधला वेग × काळ. म्हणून त्वरणाचा निम्मा गुणिले काळाचा वर्ग. हाच तो ‘एक छेद दोन’, आणि काळाचा वर्गही इथलाच: एकदा काळ वेग वाढवतो, दुसऱ्यांदा तोच काळ अंतर साठवतो. खडा सुटण्याआधीच वेगात असेल तर सुरुवातीचा वेग × काळ हे वेगळं मिळवायचं. दुसरं समीकरण पुरं झालं.

कोलमच्या ठिपक्यांचंही कोडं सुटलं. पहिल्या सेकंदाचा मधला क्षण अर्ध्या सेकंदावर, दुसऱ्याचा दीडवर, तिसऱ्याचा अडीचवर. वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा त्या त्या सेकंदातली अंतरं अर्धा, दीड, अडीच यांच्या प्रमाणात. म्हणजेच एक, तीन, पाच. त्यांची बेरीज काळाचा वर्ग होणारच. कोलममध्ये जे उंबऱ्यापाशी दिसतं तेच पडणाऱ्या खड्यात दिसतं, कारण दोन्हीकडे दर पायरीला सारखीच भर आहे.

तिसऱ्या समीकरणात काळ नाही. तो कुठे गेला? वेगातली वाढ म्हणजे त्वरण × काळ. मधला वेग म्हणजे अंतर ÷ काळ. या दोहोंचा गुणाकार केला की काळ उडून जातो आणि त्वरण × अंतर उरतं. दुसऱ्या बाजूला वाढ म्हणजे दोन वेगांची वजाबाकी, आणि मधला वेग म्हणजे त्यांची निम्मी बेरीज. त्यांचा गुणाकार होतो दोन वेगांच्या वर्गांमधल्या फरकाच्या निम्मा. शाळेतली ‘दोन वर्गांतील फरक’ ही बैजिक नित्यसमानता अखेर कुठेतरी कामी आली.

एका जागी मात्र पाय घसरतो. मधला क्षण हा काळाचा मध्य आहे, अंतराचा नव्हे. गोपुरावरून खडा खाली यायला सुमारे ३.३ सेकंद लागतात. निम्मा वेळ सरला तेव्हा तो निम्म्या उंचीवर असेल असं मन सांगतं. प्रत्यक्षात तो एक चतुर्थांशच, म्हणजे १३ मीटरच्या आसपास उतरलेला असतो. उरलेले तीन चतुर्थांश दुसऱ्या निम्म्या वेळात. निम्म्या उंचीवर येईपर्यंत त्याने शेवटच्या वेगाचा ७० टक्के हिस्सा गाठलेला असतो. जमिनीला टेकतानाचा वेग ताशी ११५ किलोमीटरच्या पुढे.

या घसरगुंडीवरून गॅलिलिओसुद्धा घसरला होता. १६०४ च्या सुमारास पडणाऱ्या वस्तूचा वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो असं तो धरून चालला होता. पुढे त्याने चूक सुधारली: वाढ काळाच्या प्रमाणात. सरळ पडणारी वस्तू मोजायला फार चपळ, म्हणून त्याने उतरत्या फळीच्या पन्हळीतून गोळा सोडला आणि काळ मोजायला भांड्यातून पाण्याची बारीक धार धरली. जमलेलं पाणी तोललं की काळ तोलला. १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या त्याच्या ग्रंथात विषम संख्यांचा हा नियम आहे. मधल्या वेगाचं तत्त्व त्याच्याही तीनशे वर्षं आधी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या पंडितांनी मांडलं होतं, आणि पॅरिसच्या निकोल ओरेमने त्याची आकृती काढली होती: आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर वेग, खालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. आपल्या वहीत आपण काढतो तो समलंब चौकोन तोच. ही समीकरणं कुठे कुठे न्यूटनच्या नावावर सांगितली जातात. न्यूटनचं मोठेपण अशा उसन्या श्रेयावर अवलंबून नाही.

लोनींची दोन पुस्तकं

कुंभकोणमला आलो आहोत तर रामानुजनना टाळून पुढे जाता येणार नाही. इथल्या टाउन हायस्कुलात शिकत असताना, तेराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी एस. एल. लोनींचं त्रिकोणमितीचं पुस्तक मिळवलं आणि आत्मसात केलं. १९०४ मध्ये कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन गेले, गणिताखेरीज कशातच लक्ष घातलं नाही, परीक्षेत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. गतीशास्त्रात त्यांचं मन रमलं असं म्हणायला आधार नाही. त्यांची ओढ संख्यांची.

पण त्याच लोनींचं दुसरं एक पुस्तक आहे, स्टॅटिक्स आणि डायनॅमिक्सवरचं. भारतातल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं सरळ रेषेतली गती त्यातून शिकली. लोनी त्वरणासाठी ‘एफ’ हे अक्षर वापरतात. आजोबांच्या तोंडून ‘यू प्लस एफटी’ ऐकलं तर ते चुकतायत असं समजू नका. त्यांनी लोनी वाचलेत. एका लेखकाच्या एका पुस्तकाने एका मुलाला पंख दिले, दुसऱ्याने हजारोंना पोटापुरतं गणित दिलं. हे पुस्तक दुसऱ्या जातीचं आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

कॉफीची धार

तिसरं समीकरण डोळ्यांनी बघायचं असेल तर मंदिरापासून चार पावलांवर कुठल्याही कॉफीच्या दुकानापुढे उभं राहावं. कुंभकोणमची डिग्री कापी पितळेच्या डवरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात, येते. देण्याआधी दुकानदार ती एका हातातल्या भांड्यातून दुसऱ्या हातातल्या भांड्यात ओततो, आणि ओतताना वरचा हात उंच उंच नेतो. धार लांबते, फेस चढतो, कॉफी पिण्याजोगी निवते.

त्या धारेकडे नीट बघा. भांड्याच्या काठाशी ती जाड आहे, खाली उतरता उतरता बारीक होत जाते. का? काठाशी कॉफीचा वेग समजा सेकंदाला अर्धा मीटर आहे. ६० सेंटिमीटर खाली आल्यावर किती? काळ माहीत नाही, मोजायची सोयही नाही. इथे तिसऱ्या समीकरणाचं काम. सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ०.२५. त्वरणाची दुप्पट गुणिले अंतर, म्हणजे २ × ९.८ × ०.६ = ११.७६. बेरीज १२.०१, वर्गमूळ ३.४७ च्या जवळ. वेग जवळपास सातपट झाला. पण दर सेकंदाला वरून जितकी कॉफी निघते तितकीच खाली पोचली पाहिजे, मध्ये कुठे साठायला जागा नाही. वेग सातपट, तर धारेचं छेदक्षेत्र सातवा हिस्सा. जाडी निम्म्याहूनही कमी. त्याहून उंचावरून ओतली की धार तुटून थेंब होतात, आणि चांगला ओतणारा तिथपर्यंत हात नेत नाही. त्याला समीकरण माहीत नसेल. हाताला माहीत आहे.

भांडं तिरपं धरलं की धारेला बाक येतो आणि आपली सरळ रेषा मोडते, हे खरं. म्हणून धार जिथे सरळ खाली उतरते तिथून मोजायला सुरुवात करावी.

तेच समीकरण उलट्या बाजूने वापरलं की जिवाशी येतं. तंजावर रस्त्यावर एखादी गाडी ताशी ४० किलोमीटरने येते आहे, ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने उतरतो असं धरू. ती सव्वाबारा-साडेबारा मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट, ताशी ८०, तर थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं: जवळजवळ ५० मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळाच. त्या एका सेकंदात गाडी पहिल्या वेळी ११ आणि दुसऱ्या वेळी २२ मीटर पुढे आलेली असते. ‘वेगाचा वर्ग’ हे शब्द परीक्षेत विसरले तर दोन गुण जातात. रस्त्यावर विसरले तर काय होतं ते रोजच्या पेपरात असतं.

जिथे समीकरणं थकतात

कोणत्याही सूत्राची प्रस्तावना त्याच्या मर्यादा सांगितल्याशिवाय पुरी होत नाही. कुंभकोणमला पाऊस प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. एक किलोमीटर उंचीवरून निघालेल्या थेंबाला तिसरं समीकरण लावा: सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. असा पाऊस पडता तर छत्री काय, कौलंही टिकली नसती. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला आठ-नऊ मीटरने उतरतो. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वाढतो, त्वरण घटत घटत शून्यावर येतं आणि पुढे थेंब एकाच वेगाने खाली येतो. समीकरण चुकलं नाही. त्याची अट मोडली.

आगगाडीचंही तसंच. कुंभकोणम स्टेशनातून सुटणारी गाडी सुरुवातीला जोर पकडते, पण वेग वाढत गेला की इंजिनाची ओढ कमी पडत जाते आणि हवेचा विरोध वाढतो. त्वरण सारखं राहत नाही. पहिल्या काही सेकंदांना समीकरण लागू पडेल, पुढच्या स्टेशनापर्यंत नाही. अशा वेळी कलनशास्त्राचा आधार घ्यावा लागतो, आणि तिथेही युक्ती ओळखीचीच: काळाचे इतके बारीक तुकडे करायचे की प्रत्येक तुकड्यापुरतं त्वरण जवळजवळ सारखं वाटावं.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. वर फेकलेला चेंडू टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर त्याचा वेग शून्य असतो. पुष्कळ मुलं तिथे त्वरणही शून्य लिहितात. तसं असतं तर वाढ थांबली, म्हणजे वेग शून्यच राहिला; चेंडू तिथेच लटकला असता. त्वरण सबंध वेळ तेच आहे, खालच्या दिशेचं ९.८, वर जाताना ते वेगातून वजा होतं, खाली येताना त्यात भर घालतं. दिशेची खूण एकदा ठरवली की शेवटपर्यंत बदलायची नाही, एवढं पथ्य पाळलं तर तिन्ही समीकरणं वर जाण्याला आणि खाली येण्याला एकाच दमात पुरतात.

सारंगपाणीचं गर्भगृह रथाच्या आकाराचं आहे. दगडी चाकं, ओढणारे दगडी घोडे आणि हत्ती. त्या रथाला तिन्ही समीकरणं विनातक्रार लागू पडतात. सुरुवातीचा वेग शून्य, त्वरण शून्य, अंतर शून्य. असं उदाहरण परीक्षेत आलं तर मुलं नक्की बुचकळ्यात पडतील.

हे पुस्तक कसं वाचावं

पुढच्या पानांतली उदाहरणं सोडवताना सूत्रांची यादी समोर ठेवू नये, ही विनंती. उदाहरण वाचून झालं की आधी दोनच गोष्टी विचाराव्यात. रेषा सरळ आहे का? भर सारखी आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर मधला वेग शोधावा. तो सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाच्या बरोबर मध्ये असतो, आणि काळाच्या मध्याला असतो. त्याला काळाने गुणलं की अंतर. कशाची उणीव राहिलीच तर वाढीचा दर कामाला घ्यावा. बहुतेक गणितं एवढ्यावर सुटतात, आणि सुटल्यावर कळतं की आपण वापरलं ते तिन्हींपैकीच कुठलं तरी एक समीकरण होतं.

एखादं उदाहरण अडलं तर कागद बाजूला सारून जमिनीवर ठिपके टाकून बघावेत. सुरुवात मात्र मधल्या ओळीपासून करावी. कोलम काढणारी बाई तशीच करते.